नियंत्रक बदलल्यानंतर जळणारे चलित्र : विजेवर चालणाऱ्या गोल्फगाडीच्या निमित्ताने

विजेवर चालणाऱ्या गोल्फगाडीत अधिक क्षमतेचा नियंत्रक बसविला आणि काही आठवड्यांतच तिचे विद्युत् चलित्र, म्हणजे मोटर, जळाले, ही तक्रार अमेरिकेत अशा गाड्यांच्या दुरुस्तीशी संबंध असलेल्या कोणासही अपरिचित नाही. तक्रार करणारा म्हणतो, नव्या नियंत्रकाने चलित्र जाळले. नियंत्रक विकणारा म्हणतो, चलित्र जुनेच होते, ते कधीतरी जाणारच होते. दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात थोडेबहुत तथ्य असते. परंतु कारणमीमांसा दोन्हींकडून अपुरी राहते आणि खर्च मात्र गाडीच्या मालकास सोसावा लागतो. पुष्कळदा दुसरे चलित्र बसविल्यानंतर तेही त्याच वाटेने जाते.

प्रस्तुत लेखात या घटनेचे भौतिक विवेचन करण्याचे योजिले आहे. विषय वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. परंतु प्रेषणयंत्रणेचा एक घटक बदलला असता दुसरा घटक का मोडतो, हा प्रश्न सर्वच यंत्रांच्या बाबतीत उद्भवतो. आणि गोल्फगाडीत तो इतक्या थोड्या भागांत मांडलेला सापडतो की, पदव्युत्तर विद्यार्थ्यांस अभ्यासासाठी याहून सोयीचे उदाहरण मिळणे कठीण.

१. गाडी आणि तिचा बदललेला उपयोग

गोल्फगाडीची रचना साधी असते. शिसे-आम्ल प्रकारच्या बॅटऱ्यांचा ३६ किंवा ४८ व्होल्टचा संच, एकदिश प्रवाहावर चालणारे दोन ते चार अश्वशक्तींचे चलित्र, सुमारे बारास एक या प्रमाणाची दंतचक्रे आणि १८ इंच व्यासाचे टायर, एवढ्यात तिचे वर्णन आटोपते. मैदानावरील हिरवळीवरून दोन खेळाडू व त्यांचे साहित्य घेऊन संथ गतीने जाणे, वरचेवर थांबणे, आणि थांबलेल्या वेळात थंड होणे, हे तिचे मूळ काम. चलित्राची निवड याच कामाच्या बेताने केलेली असते.

पुढे या गाड्या मैदानाबाहेर आल्या. जॉर्जिया राज्यातील पीचट्री सिटी या गावी गोल्फगाड्यांसाठी शंभर मैलांच्या आसपास लांबीच्या स्वतंत्र वाटा आहेत; फ्लॉरिडातील द व्हिलेजेस या निवृत्तांच्या वसाहतीत हजारो कुटुंबे रोजच्या कामासाठी त्या वापरतात. मैदानावरील वाहन घरगुती वाहन झाले, की त्याच्याकडून चार माणसे नेण्याची, चढ चढण्याची व अधिक वेगाची अपेक्षा निर्माण होते. मोठे टायर, उंचावलेला सांगाडा, मागचे जादा आसन हे बदल प्रथम होतात. त्यामुळे गाडी मंदावते. आणि मंदावलेल्या गाडीस उपाय म्हणून अधिक क्षमतेचा नियंत्रक बसविला जातो. हा क्रम ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. नियंत्रक हा बहुधा पहिला बदल नसतो, शेवटचा असतो.

२. एकसरी चलित्राचा स्वभाव

जुन्या व अद्याप मोठ्या संख्येने वापरात असलेल्या गोल्फगाड्यांत एकसरी चलित्र असते; म्हणजे त्याचे क्षेत्रवेटोळे व आर्मेचर एकाच मंडलात एकापुढे एक जोडलेले असून दोहोंतून तोच प्रवाह जातो. वाहनांस हे चलित्र फार पूर्वीपासून मानवले आहे. मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या मार्गावर विजेची पहिली उपनगरी गाडी धावली, तीही १,५०० व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर व याच जातीच्या चलित्रांवर. आणि मुंबईतील एकदिश प्रवाहाची ही पद्धती एप्रिल २०१६ मध्ये पूर्णपणे संपेपर्यंत एकसरी चलित्रांनी तेथे दीर्घकाळ सेवा केली.

या चलित्राचे दोन गुण आपल्या विवेचनास आवश्यक आहेत. पहिला असा की, आस फिरविणारे परिबल हे चुंबकीय स्रोत व आर्मेचरमधील प्रवाह यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. स्रोत स्वतः त्याच प्रवाहापासून उत्पन्न होत असल्यामुळे, लोखंड चुंबकीय दृष्ट्या संपृक्त होण्यापूर्वी परिबल प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. संपृक्त झाल्यानंतर स्रोत जवळजवळ स्थिर राहतो व परिबल केवळ प्रवाहाच्या प्रमाणात वाढते. दुसरा गुण असा की, फिरत्या आर्मेचरमध्ये विरोधी विद्युत् चालक प्रेरणा उत्पन्न होते आणि ती प्रवाहास आवर घालते. चलित्र थांबलेले असताना ही प्रेरणा शून्य असते. त्या वेळी प्रवाहास अडविणारा केवळ तांब्याचा व ब्रशांचा अत्यल्प रोध उरतो.

संपूर्ण चलित्राचा रोध ०·०२ ओहम आहे असे मानू. ४८ व्होल्टचा दाब थांबलेल्या चलित्रास सरळ जोडला, तर गणिताने २,४०० अँपिअर प्रवाह जावयास हवा. प्रत्यक्षात बॅटरी व तारा यांच्या रोधामुळे तो एवढा होणार नाही. परंतु जेवढा होईल तेवढाही चलित्र फार काळ सोसू शकणार नाही, हे उघड आहे. म्हणून चलित्र व बॅटरी यांच्यामध्ये आवर घालणारे काहीतरी असावेच लागते.

३. आवर घालणाऱ्या साधनाचे स्थित्यंतर

प्रारंभीच्या गाड्यांत हे काम रोधाच्या वेटोळ्यांकडे असे. पायपट्टी दाबत जावे तसतशी रोधाची एकेक पायरी मंडलातून वगळली जाई. मुंबईच्या जुन्या उपनगरी गाड्यांतही तत्त्व हेच होते. यात ऊर्जेचा अपव्यय मोठा. परंतु अपव्ययाची ती उष्णता चलित्राबाहेर, मोकळ्या हवेत निर्माण होई.

त्यानंतर ट्रान्झिस्टरयुक्त नियंत्रक आला. तो बॅटरीचा दाब सेकंदास हजारो वेळा जोडतो व तोडतो. जोडलेल्या काळाचे एकूण काळाशी जे प्रमाण, त्या प्रमाणात चलित्रास सरासरी दाब मिळतो. तोडलेल्या काळात चलित्रातील प्रवाह खंडित होत नाही, कारण वेटोळ्यांचे प्रवर्तकत्व त्यास चालू ठेवते व तो मुक्तवाही डायोडमधून फिरत राहतो. यावरून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. चलित्रातील प्रवाह आणि बॅटरीतून निघणारा प्रवाह हे एक नव्हेत. नियंत्रकातील अल्प हानी सोडली, तर बॅटरीची शक्ती व चलित्राची शक्ती समान असावयास हवी. म्हणून चलित्राचा दाब जितका कमी, तितका त्यातील प्रवाह बॅटरीच्या प्रवाहाहून अधिक.

उदाहरणार्थ, चढावर अडकलेल्या गाडीचे चाक फिरत नाही व नियंत्रक चलित्रात ४०० अँपिअर प्रवाह ठेवीत आहे. ०·०२ ओहम रोधास यासाठी अवघे ८ व्होल्ट पुरतात. म्हणजे जोडलेला काळ एक षष्ठांश. बॅटरीतून मात्र सुमारे ६७ अँपिअर प्रवाह निघतो. सपाट रस्त्यावरून गाडी आरामात चालली असतानाही साधारण एवढाच प्रवाह बॅटरीतून निघत असतो. बॅटरीच्या तारेवर प्रवाहमापक लावून बसलेल्या माणसास सर्व काही आलबेल दिसते. आणि त्याच वेळी बॅटरीतून निघालेले ३,२०० वॅट पूर्णतः उष्णतेच्या रूपाने चलित्रात साठत असतात. "प्रवाह तर कधीच वाढला नाही, मग चलित्र जळाले कसे?" या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. मापक चुकीच्या तारेवर लावलेला होता.

कारखान्यातून आलेल्या गाडीतील नियंत्रकाची प्रवाहमर्यादा सामान्यतः २२५ ते ३०० अँपिअरच्या दरम्यान असते. बदलून बसविले जाणारे नियंत्रक ४००, ५०० वा ६०० अँपिअरचे असतात. हे आकडे चलित्रातील प्रवाहाचे होत.

४. उष्णतेचा हिशेब

नवा नियंत्रक काय बदलतो व काय बदलत नाही, हे आता सांगता येईल. सपाट रस्त्यावर समान वेगाने जाताना चलित्रास लागणारे परिबल हे गाडीचे वजन, टायर व रस्ता यांवरून ठरते, नियंत्रकावरून नव्हे. म्हणून तेथे प्रवाह पूर्वीइतकाच राहतो. ठराविक चढ ठराविक वेगाने चढण्याच्या बाबतीतही तेच. मोठा नियंत्रक चलित्रात बळेच प्रवाह कोंबतो, ही समजूत बरोबर नाही. मालकाने मागितले व भाराने ओढले, तरच तो अधिक प्रवाह देतो. फरक पडतो तो पूर्वी जेथे मर्यादा आडवी येत होती तेथे. म्हणजे गाडी थांबलेल्या स्थितीतून वेगाने सुटताना, तीव्र चढावर, आणि चाक अडकलेले असताना.

अडकलेल्या चाकाचे उदाहरण सर्वांत स्पष्ट आहे. वर मानलेल्या ०·०२ ओहम रोधात २७५ अँपिअरला सुमारे १,५०० वॅट व ५०० अँपिअरला ५,००० वॅट उष्णता निर्माण होते. मर्यादा दुपटीहून कमी वाढली, उष्णता तिपटीहून अधिक झाली. चलित्रातील तांबे ४ किलोग्रॅम धरले व अल्पकाळात उष्णता बाहेर जात नाही असे मानले, तर तांब्याचे तापमान पहिल्या स्थितीत सेकंदास सुमारे १ अंशाने व दुसऱ्या स्थितीत सुमारे सव्वातीन अंशांनी वाढते. ६० अंश सेल्सियसला असलेले चलित्र १५५ अंशांपर्यंत पोहोचण्यास पहिल्या स्थितीत दीड मिनिटाहून थोडा अधिक, तर दुसऱ्या स्थितीत अर्धा मिनिट लागतो. लोखंडात जाणारी उष्णता येथे सोडून दिली आहे. तथापि काळाच्या मानाची कल्पना यावरून येते. दीड मिनिटात माणूस कंटाळून पाय काढतो. अर्ध्या मिनिटात तो अजून प्रयत्नच करीत असतो.

यात आणखी भर पडते. तांब्याचा रोध दर अंशास सुमारे ०·३९ टक्क्याने वाढतो. २५ अंशांवरून १५५ अंशांवर जाताना तो जवळजवळ दीडपट होतो. नियंत्रक प्रवाह स्थिर राखणारा असल्याने रोध वाढला तरी प्रवाह घटत नाही; तो केवळ जोडलेला काळ वाढवितो. परिणामतः चलित्र जितके तापलेले, तितके ते अधिक वेगाने तापते.

गाडी सुटतानाचा हिशेब अधिक विचारणीय आहे. गाडीस ठराविक वेग देण्यास लागणारा काळ परिबलाच्या व्यस्त प्रमाणात असतो, आणि उष्णता म्हणजे प्रवाहाचा वर्ग, रोध व काळ यांचा गुणाकार. लोखंड संपृक्त नसेल, तर परिबलही प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने दोन्ही परिणाम परस्परांस छेदतात; प्रवाह कितीही असो, प्रत्येक सुटण्यामागे निर्माण होणारी उष्णता तेवढीच राहते. परंतु संपृक्त अवस्थेत परिबल केवळ प्रवाहाच्या प्रमाणात वाढते, व म्हणून प्रत्येक सुटण्यामागील उष्णता प्रवाहाच्या प्रमाणात वाढत जाते. मूळची प्रवाहमर्यादा सामान्यतः चलित्राच्या लोखंडास बरेचसे संपृक्त करण्याइतकी असतेच. तिच्यापलीकडील प्रत्येक अँपिअर हा परिबल कमी व उष्णता अधिक देणारा असतो. मालकास गाडीचा जोर वाढल्याचा आनंद होतो, तो खरा असतो. पण त्या जोराची किंमत पूर्वीच्या जोराहून महाग पडलेली असते.

टायरांचा परिणामही येथेच पाहू. प्रवाशांसह ६५० किलोग्रॅम वजनाची गाडी दहा टक्के चढावर ओढण्यास, घर्षण धरून, सुमारे ७६५ न्यूटन प्रेरणा लागते. १८ इंची टायर, १२·४ प्रमाणाची दंतचक्रे व नव्वद टक्के कार्यक्षमता धरली, तर चलित्राच्या आसावर सुमारे १६ न्यूटन-मीटर परिबल हवे. टायर २३ इंची बसविले की तेच परिबल २० च्या वर जाते, म्हणजे सुमारे २८ टक्के अधिक. संपृक्त नसलेल्या लोखंडात उष्णता परिबलाच्या प्रमाणात, म्हणून २८ टक्के वाढते. संपृक्त लोखंडात ती परिबलाच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे सुमारे ६३ टक्के. केवळ शोभेसाठी बसविलेल्या टायरांचा हा परिणाम नियंत्रकाच्या खात्यावर मांडला जातो.

या उष्णतेने चलित्र तत्काळ जळतेच असे नाही. तारांवरील निरोधक आवरणाचे वर्ग तापमानावरून ठरतात : ब वर्गास १३०, फ वर्गास १५५ व ह वर्गास १८० अंश सेल्सियस. माँटसिंगर याने १९३० मध्ये रोहित्रांच्या निरोधनाविषयी असे दाखविले की, तापमान आठ अंशांनी वाढले की आयुष्य निम्मे होते. व्यवहारात हा आकडा दहा अंश असा धरण्याचा प्रघात पडला. १९४८ मध्ये डेकिन याने निरोधनाच्या जीर्णतेस रासायनिक विक्रियेच्या वेगाचा नियम लावून या अनुभवास सैद्धांतिक आधार दिला. तात्पर्य असे की, प्रत्येक तापणे निरोधनाच्या आयुष्यातून काहीतरी वजा करून जाते, आणि ते परत मिळत नाही. नियंत्रक बदलल्यानंतर काही आठवड्यांनी, एखाद्या अगदी साध्या फेरीत चलित्र बंद पडते, त्याचा अर्थ हा असू शकतो.

५. नकळत राखण करणारा घटक

या ठिकाणी एका गोष्टीकडे वाचकांचे लक्ष विशेषतः वेधावयाचे आहे. नियंत्रकही तापतो. त्यातील ट्रान्झिस्टरांच्या रक्षणासाठी, त्याचे तापमान ठराविक मर्यादेपलीकडे गेले की तो आपला प्रवाह आपोआप कमी करतो. ही तरतूद नियंत्रकाच्या स्वतःच्या रक्षणासाठी असते. चलित्राचे तापमान त्यास ठाऊक नसते. तथापि मूळ गाडीत लहान नियंत्रक हा चलित्रापूर्वी दमत असे. लांब चढावर गाडी मंदावे, मालक वैतागे, आणि चलित्र वाचे.

नवा नियंत्रक मोठा असतो. त्यात ट्रान्झिस्टर अधिक, उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तळ अधिक जाड. तो दमत नाही. त्यासोबत बॅटरीच्या तारा १३ चौरस मिलिमीटरच्या काढून ३३ चौरस मिलिमीटरच्या घातल्या जातात. कधी शिसे-आम्ल बॅटऱ्या काढून लिथियमच्या बसविल्या जातात, ज्यांचा दाब भाराखाली फारसा खचत नाही. यांतील प्रत्येक बदल स्वतंत्रपणे पाहता सुधारणाच आहे. परंतु मूळ गाडीत दुबळा नियंत्रक, बारीक तार व खचणारी बॅटरी हे तिन्ही चलित्राचे अजाणता राखणदार होते. तिघांनाही रजा दिल्यावर साखळीतील सर्वांत दुबळा दुवा चलित्र हाच उरतो. अपयश नाहीसे झालेले नसते. ते स्वस्त व पूर्ववत होणाऱ्या जागेवरून महाग व पूर्ववत न होणाऱ्या जागी सरकलेले असते.

रेल्वेच्या चलित्रांवर एक तासाची क्षमता व अखंड क्षमता असे दोन स्वतंत्र आकडे देण्याची परंपरा आहे. गोल्फगाडीच्या मालकास बहुधा एकच आकडा ठाऊक असतो, आणि तोही नियंत्रकाचा. नियंत्रकाच्या आवेष्टनावरील ५०० अँपिअर हा आकडा म्हणजे नियंत्रक अल्पकाळ काय देऊ शकतो याचे विधान होय. चलित्र काय घेऊ शकते याविषयी तो काहीच सांगत नाही.

६. वेगाची बाधा

एकसरी चलित्राच्या गाडीत केवळ नियंत्रक बदलल्याने सपाटीवरील कमाल वेग वाढत नाही. कारण पायपट्टी पूर्ण दाबल्यावर जुना नियंत्रकही बॅटरीचा संपूर्ण दाब चलित्रास देतच होता. मालकाची येथे निराशा होते, व तो ३६ व्होल्टच्या जागी ४८ व्होल्टचा संच बसवितो. आता मात्र वेग वाढतो, आणि एक निराळाच धोका उत्पन्न होतो.

ताशी २४ किलोमीटर वेगाने जाताना १८ इंची टायर व १२·४ प्रमाण धरता चलित्र मिनिटास सुमारे ३,४५० फेरे घेते. ताशी ४० किलोमीटरला हे फेरे ५,७५० च्या आसपास जातात. आर्मेचरवरील तारा व दिक्परिवर्तकाच्या पट्ट्या यांवरील केंद्रोत्सारी प्रेरणा फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने ती जवळजवळ पावणेतीनपट होते. उतारावर तर एकसरी चलित्रास स्वतःहून गाडी रोखण्याची शक्ती नसते. पायपट्टी सोडली तरी चाकांबरोबर ते फिरतच राहते. आधीच्या उष्णतेने मऊ झालेले बंधन या प्रेरणेने सुटते, तारा बाहेर फेकल्या जाऊन क्षेत्रध्रुवांस घासतात, आणि चलित्र क्षणार्धात निकामी होते. शिवाय या लहान चलित्रांत आंतरध्रुव बहुधा नसतात; त्यामुळे प्रवाह व वेग दोन्ही वाढले की ब्रशांखालील ठिणग्याही वाढतात.

धोका चलित्रापुरताच नाही. अमेरिकेतील मानकाप्रमाणे गोल्फगाडीचा सपाटीवरील वेग ताशी १५ मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे २४ किलोमीटरपर्यंत, मर्यादित असतो. ताशी २० ते २५ मैल वेगाच्या वाहनांसाठी तेथील संघीय शासनाने १९९८ मध्ये मंदवेगी वाहन असा निराळा वर्ग करून त्यांस दिवे, आरसे, आसनपट्टे इत्यादी सक्तीचे केले. गोल्फगाडीचे ब्रेक पहिल्या वर्गाच्या वेगासाठी असतात. चलित्र बदलता येते. त्या गाडीत बसलेली माणसे बदलता येत नाहीत.

७. स्वतंत्र उत्तेजनाची चलित्रे

१९९० च्या दशकापासून अनेक गाड्यांत क्षेत्रवेटोळ्यास स्वतंत्र प्रवाह देणारी चलित्रे आली. यांत आर्मेचरचा व क्षेत्राचा प्रवाह नियंत्रक वेगवेगळा ठरवितो. उतारावर गाडी रोखून ऊर्जा बॅटरीस परत करणेही साधते. परंतु कोणत्या आर्मेचर-प्रवाहास किती क्षेत्रप्रवाह द्यावयाचा, याचे कोष्टक त्या विशिष्ट चलित्रास जुळणारे असावे लागते. कोष्टक चुकून क्षेत्र क्षीण राहिले, तर त्याच परिबलासाठी आर्मेचरला अधिक प्रवाह घ्यावा लागतो, वेग प्रमाणाबाहेर जातो व ठिणग्या वाढतात. क्षेत्र अतिप्रबल राहिले, तर क्षेत्रवेटोळेच तापते. या जातीच्या गाडीत नियंत्रक बदलल्यानंतर लगेच चलित्र गेले असेल, तर संशयाची पहिली जागा हे कोष्टक होय.

दोन जाती बाहेरून सारख्या दिसतात. क्षेत्रवेटोळ्याच्या दोन टोकांमधील रोध मोजणे हा त्यांना ओळखण्याचा सोपा मार्ग आहे : एकसरी चलित्रात तो ओहमच्या काही सहस्रांशांइतका, तर स्वतंत्र उत्तेजनाच्या चलित्रात साधारण एक ओहमच्या आसपास असतो. एका जातीचा नियंत्रक दुसऱ्या जातीस जोडला, तर पुढील सर्व विवेचन निरर्थक ठरते.

८. जळालेल्या चलित्राची साक्ष

नियंत्रक बदलला व चलित्र जळाले, एवढ्यावरून पहिले दुसऱ्याचे कारण ठरविणे हा काकतालीय न्याय होईल. कावळा बसावयास व फांदी मोडावयास एकच गाठ पडली असेलही. निर्णय चलित्र उघडून पाहिल्यावरच करता येतो, आणि सुदैवाने निरनिराळ्या कारणांच्या खुणा निरनिराळ्या असतात.

आर्मेचरच्या सर्व तारांवरील रोगण सारखेच काळे पडले असेल, तर दीर्घकाळ अधिक प्रवाह गेला असे समजावे. दिक्परिवर्तकाच्या ब्रशांखालच्या नेमक्या काही पट्ट्या भाजलेल्या असतील, तर थांबलेल्या चलित्रातून मोठा प्रवाह गेला. चाक अडकलेले असताना किंवा चढावर ब्रेकऐवजी पायपट्टीने गाडी तोलून धरल्याने असे होते. तारा बाहेर फेकल्या गेल्या असतील अथवा पट्ट्या वर उचलल्या गेल्या असतील, तर अतिवेग. ब्रशांच्या स्प्रिंगा निळ्या पडून मऊ झाल्या असतील, तर दाब कमी होऊन ठिणग्यांनी नाश झाला. येथे मूळ कारण झिजलेले ब्रश असणे संभवते. केवळ बाहेरील जोडणीचा खांब वितळला असेल, तर सैल नट एवढेच कारण पुरते : सैल जोडणीचा रोध ओहमचे दोन सहस्रांश असला तरी ४०० अँपिअरला तेथे ३२० वॅट उष्णता होते.

याखेरीज एक शक्यता नेहमी दुर्लक्षिली जाते. जुना नियंत्रक बदलावा का लागला? तो जळाला म्हणून बदलला असेल, तर तो का जळाला हे कोणी विचारले होते काय? आर्मेचरच्या काही फेऱ्यांतील निरोधन आधीच खचले असेल, तर असे चलित्र त्याच परिबलासाठी अधिक प्रवाह मागते, आणि दुबळा नियंत्रक त्यात बळी पडतो. त्याच्या जागी आलेला बळकट नियंत्रक बळी पडत नाही. तो आजारी चलित्रास लागेल तेवढा प्रवाह पुरवून त्याचा शेवट करतो. अशा वेळी कालक्रम आपणांस सरळ उलट दिशेने नेतो. चलित्राचा दोष प्रथम, नियंत्रकाचा नाश नंतर, आणि चलित्राचा नाश शेवटी. परंतु दिसते ते एवढेच की, नवा नियंत्रक आला व चलित्र गेले.

९. उपाययोजना

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी निष्पन्न होतात. नियंत्रक बदलण्यापूर्वी चलित्राची तपासणी करावी : ब्रश, स्प्रिंगा, दिक्परिवर्तकाचा पृष्ठभाग, आणि तारा व कवच यांमधील निरोधन. नव्या नियंत्रकाची प्रवाहमर्यादा बहुधा बदलता येते. ती कमाल आकड्यावर न ठेवता चलित्राच्या क्षमतेनुसार ठरवावी. प्रवाहमापक चलित्राच्या तारेवर लावावा. क्षेत्रवेटोळ्याजवळ तापमानदर्शक बसवून नियंत्रकास त्याची वार्ता पोहोचेल अशी योजना करावी; ज्या नियंत्रकांत ही सोय नाही, तेथे निदान चालकास इशारा देणारा दिवा असावा. यामुळे पूर्वी अजाणता होणारी राखण जाणतेपणी होऊ लागते.

मोठे टायर बसवावयाचेच असतील, तर दंतचक्रांचे प्रमाण त्या मानाने वाढवावे. परिबलाची वाढ दंतचक्रांवर टाकली की ती चलित्रावर पडत नाही. चढाचा प्रदेश व चार प्रवासी हा नित्याचा उपयोग असेल, तर नियंत्रकासोबत चलित्रही अधिक क्षमतेचे घ्यावे. बदलाचा खर्च आरंभीच दुप्पट दिसतो. परंतु एक चलित्र जाळून मग दुसरे घेण्याहून तो कमीच असतो.

विद्यार्थ्यांनी हा प्रश्न प्रयोगशाळेत अवश्य करून पाहावा. लहानसे एकसरी चलित्र, खंडक नियंत्रक, दोन प्रवाहमापक व एक तापयुग्म एवढे साहित्य पुरे. आस घट्ट धरून प्रवाहमर्यादा पायरीपायरीने वाढवावी, प्रत्येक पायरीस परिबल व तापमानवाढीचा वेग नोंदवावा आणि दोहोंचे आलेख एकाच कागदावर काढावेत. परिबलाचा आलेख जेथे सरळ होऊ लागतो, तेथून पुढे तापमानाचा आलेख कसा चढतो, हे एकदा पाहिल्यावर चलित्राची प्रवाहमर्यादा कोठे ठेवावी हे निराळे सांगावे लागणार नाही.